आक्सा पेनॉकचा माफीनामा

खोटं बोलायचं नाही हा नियम फार चांगला आहे. पण तो अक्षरशः पाळणाऱ्या माणसांच्या घरात सदतीस वर्षं काढून बघा, म्हणजे कळेल. टेसी पेनॉकने काढली होती. तिच्या आईला सकाळी ‘बरी आहेस ना’ विचारलं, तर आई आधी गुडघ्यापासून मानेपर्यंत स्वतःला तपासून बघायची आणि मग उत्तर द्यायची. तोवर विचारणाऱ्याची न्याहारी गार होऊन जायची. अशा बाईकडून माफीचा कागद लिहून घ्यायचा होता, आणि तोही सफरचंदं आटवायच्या दिवशी.

झालं होतं ते सगळ्या डीप रन गावाला माहीत होतं. घरातली धाकटी, ब्यूला, वेस्ली हार्नशी लग्न करून मोकळी झाली होती. टेकडीवरच्या मेथडिस्ट चर्चमध्ये, पगारी पाद्र्यासमोर, गाण्याबजावण्यासकट. आमच्या क्वेकर लोकांत ना पाद्री ना गाणं, नुसती शांत बसायची सभा; असं बाहेर लग्न केलं की त्या सभेतून नाव जातं. ब्यूलाला ते माहीत होतं आणि तिने ते हसत हसत पत्करलं होतं. तिचं एक वेळ सोडा. पण आई त्या लग्नाला गेली, आणि सभेच्या नियमांत असल्या लग्नाला जाऊन बसणं हाही गुन्हाच. बरं, गेली तर गेली, दाराशी कुठेतरी उभी राहायची! ती गेली तिसऱ्या बाकावर, राखाडी टोपडं घालून. त्या रंगीत रिबिनींच्या घोळक्यात आंधळ्यालासुद्धा दिसली असती.

यावर उपाय अगदी साधा होता. ‘मी अमुक केलं, मला त्याचा खेद आहे’ एवढ्या दोन ओळी लिहून द्यायच्या, त्या सभेत वाचल्या जातात, आणि प्रकरण मिटतं. घोड्यांच्या शर्यतीला गेलेल्यांनी, दारू प्यायलेल्यांनी, एकाने तर शेजाऱ्याच्या थोबाडीत मारल्यावरसुद्धा दोन ओळी लिहून दिल्या होत्या आणि पुढच्या आठवड्यात ते आपापल्या बाकावर येऊन बसले होते. नाही लिहून दिलं तर मात्र नाव कमी. आईचं वय सदुसष्ट. जन्मापासून ती त्याच सभेत बसत आली होती.

बायकांच्या सभेची चिटणीस टेसी. सात वर्षं वही तिच्याकडे होती. म्हणजे ‘आक्सा पेनॉक हिने नियम मोडून लग्नास हजेरी लावली’ हे वाक्य टेसीनेच, स्वतःच्या वळणदार अक्षरात, वहीत लिहिलं होतं. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून नंतर दोन दिवस स्वतःचा राग येत राहिला.

कारण अकरा वर्षांपूर्वी टेसीलाही लग्न करायचं होतं. ॲसा ड्रेक चाकं बनवायचा, तोही मेथडिस्ट, त्याच टेकडीवरच्या चर्चमधला. आईने तेव्हा आरडाओरडा केला नाही, शाप दिले नाहीत. भाकरीचं पीठ मळता मळता एवढंच म्हणाली, “त्या दारातून तू आत गेलीस तर मी तुझ्या लग्नाला येणार नाही.” आईचा शब्द म्हणजे शब्द. टेसीने रात्रंदिवस विचार केला आणि आईविना लग्न तिला जमेना. ॲसा आयोवाला निघून गेला. आता त्याला चार मुलं होती.

म्हणून आज टेसीला तो कागद हवा होता. सभेला हवा होता त्यापेक्षा जास्त हवा होता. आईला खेद असेल तर नियम हा नियम होता, आणि टेसीने गमावलं ते कशासाठी तरी गमावलं. आईला खेदच नसेल तर टेसी अकरा वर्षं निव्वळ मूर्ख ठरत होती.

हेप्झिबा आत्या नऊच्या सुमाराला घोडागाडीतून उतरली. ती वडिलांची थोरली बहीण, आईची नणंद; बाबा जाऊन सहा वर्षं झाली तरी नणंदपण काही गेलं नव्हतं. हा कागद लिहून घ्यायला सभेने नेमलेल्या दोघींच्या समितीतली ती एक, आणि दुसरी सायडनी व्हेल. सायडनी फारसं बोलत नसे. ती उतरली, तिने शिजत्या सफरचंदांचा वास घेतला, आणि सगळ्यांना दिसेल अशा समाधानाने झाडाखालच्या बाकावर बसली.

आत्याला आत, बैठकीच्या खोलीत, दार लावून बसायचं होतं. पण अंगणात तांब्याचा भलामोठा हंडा पहाटेपासून चुलाणावर होता. त्यात सफरचंदाचा रस निम्म्यावर आटला होता आणि सोललेल्या फोडी नुकत्याच पडल्या होत्या. एकदा फोडी पडल्या की संध्याकाळपर्यंत घोटणं थांबवता येत नाही, तळाला लागलं की सगळा हंडा गेला. आई लांब दांड्याचा लाकडी घोटणा घेऊन उभी होती आणि तो दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हती. शेवटी टेबलच बाहेर आलं. भाऊ एमर ते उचलताना पुटपुटत होता. आत्याच्याच गाडीतून त्याच्यासोबत आलेली त्याची बायको रूथाना मागून शाईची दौत सांभाळत आली. धूर नेमका आत्याच्या तोंडावर येत होता आणि तिने तीनदा जागा बदलली.

आमच्यात सगळ्यांना तूच म्हणतात, न्यायाधीश आला तरी तूच. त्यामुळे भांडणात एक मोठी सोय जाते: रागावल्यावर उतरायला खालची पायरीच राहत नाही. आत्याने मग आपलं नेहमीचं हत्यार काढलं. ‘आधी थोडं शांत बसू’ म्हणाली आणि तिने डोळे मिटले. सगळे हात जोडून मांडीवर ठेवून बसले. पाव तास गेला. घोटण्याचा तळाला घासण्याचा आवाज तेवढा येत होता. टेसीच्या डोक्यात मात्र शांतता नव्हती. तिथे सोलायच्या राहिलेल्या दोन टोपल्या होत्या आणि आईच्या पाठीकडे बघून येणारा संताप होता.

पहिला कागद एमरने सांगितला. पुरुषांच्या सभेत त्याचं नाव पुढे येत होतं, आणि आपण हे त्यासाठी करत नाही असं त्याने कोणी न विचारता दोनदा सांगून टाकलं होतं. टेसीने लिहिलं: मी लग्नास गेले, मला त्याचा खेद आहे. वाचून दाखवलं.

“पहिलं खरं आहे,” आई न वळता म्हणाली. “दुसरं नाही.”

तो कागद चुलाणात गेला. रूथाना तशी गोड बोलणारी, आणि त्या सकाळी ती आत्याच्या बाजूने होती. तिने मधला मार्ग काढला. जाण्याचा खेद नको, जाण्याने सभेतल्या माणसांना दुःख झालं त्याचा खेद लिहू, म्हणजे कोणाचाच शब्द खाली पडायला नको. टेसीने तेही लिहिलं. आईने घोटता घोटता विचार केला. मग विचारलं, दुःख नक्की कोणाकोणाला झालं? सायडनीकडे बघितलं. सायडनीने खांदे उडवले. एमर म्हणाला की त्याला दुःखापेक्षा अडचण झाली.

“मला झालं,” आत्या ताठ होत म्हणाली.

आईने तिच्याकडे नीट बघितलं. “हो, तुला झालेलं दिसतंय. पण तुला दुःख झालं याचं मला वाईट वाटत नाही, हेप्झिबा. मी प्रयत्न करून बघितला.”

आत्याने पुन्हा शांत बसायला लावलं.

दुपारपर्यंत असे सहा कागद झाले. एकात ‘योग्य नव्हतं’ लिहिलं, तर आई म्हणाली योग्य होतं. एकात ‘पुन्हा जाणार नाही’ लिहिलं, तर म्हणाली ते सांगता येत नाही, ब्यूलाचा नवरा मेला आणि तिने परत तिथेच लग्न केलं तर? वेस्ली हार्न बावीस वर्षांचा, रेड्यासारखा धडधाकट पोरगा होता. एमरने कपाळावर हात मारून घेतला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काही नाही. त्यातच आत्याने नवीनच काढलं की गाणं चालू असताना आक्साचा पाय ताल धरत होता, असं तिच्या कानावर आलंय. यावर तरी आई नाही म्हणेल अशी सगळ्यांची आशा होती.

“डावा,” आई म्हणाली. “उजव्याला वात आहे.”

सायडनी व्हेलला हसू आलं आणि तिने ते रुमालात दाबलं. टेसीला मात्र हसू येत नव्हतं. तिचं डोकं तापत चाललं होतं. तिला आईची ही सचोटी लहानपणापासून माहीत होती, तिचा तिला अभिमानही होता, पण आज त्या सचोटीचा एकेक घाव तिच्यावरच बसत होता आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा तशी ती टाक हातात धरून बसली होती. खेद नाही. खेद नाही. खेद नाही. सहा वेळा ऐकलं.

जेवायला पाव, थंड डुकराचं मांस आणि कालचा भोपळा होता. ते उभ्याउभ्याच उरकलं. जेवताना रूथाना आईजवळ गेली आणि दोघी हंड्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. परत आली ती वेगळीच होऊन. म्हणाली, मला वाटतं आईला जबरदस्ती करू नये. एमर घास हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला. सकाळी घरून निघताना हीच बाई म्हणत होती की सासूबाईंनी घराण्याचं नाव घालवलं!

“माझ्याही घरात पंधरा वर्षांची पोर आहे, एमर,” रूथाना म्हणाली. “उद्या ती कोणाबरोबर हसेल हे मला विचारून हसणार आहे का? तेव्हा मी कुठे बसायचं, दाराबाहेर?”

“तू हेप्झिबा आत्याबरोबर आली होतीस.”

“आले होते गाडीतून. जन्मभर बरोबर जायचं थोडंच ठरलंय.”

मग नवरा-बायकोचं सुरू झालं. एमर म्हणाला, नियम काय फक्त बाकीच्यांच्या घरासाठी आहेत का; रूथाना म्हणाली, नियम करणारे सगळे पुरुष आणि सोसणाऱ्या आम्ही. आत्या म्हणाली की बायकांची सभा वेगळी आहे आणि ती स्वतःचे निर्णय स्वतः घेते, मग रूथानाने विचारलं की कधी घेतला. सायडनीने हंड्यातलं चमचाभर चाखायला मागितलं. टेसी सगळं ऐकत होती आणि तिला एक गोष्ट लख्ख दिसत होती: या सगळ्यांना आईचा निकाल हवा होता, पण टेसीचं काय झालं होतं ते एकालाही आठवत नव्हतं. अकरा वर्षांत ते घरातल्या लाकूडसामानासारखं झालं होतं. टेसी आहे, टेसी घर बघते, टेसीचं अक्षर चांगलं आहे.

आत्याने सातवा कागद पुढे सरकवला आणि या वेळी स्वतःच सांगायला लागली. टेसीने टाक खाली ठेवला.

“मी नाही लिहिणार,” ती म्हणाली. ती उठून हंड्यापाशी गेली. “आई, तुला खेद व्हायला हवा.”

“टेसी, मी सकाळपासून तेच सांगतेय—”

“सभेचं नाही विचारत मी. सभा गेली खड्ड्यात.” चिटणिसाच्या तोंडी हे शब्द ऐकून आत्याने डोळे मिटले, पण या वेळी कोणाला शांत बसायला सांगितलं नाही. “मला तू काय म्हणाली होतीस? पीठ मळत होतीस. मी दाराशी उभी होते. काय म्हणालीस?”

आईचा घोटणा फिरत राहिला. “तू त्या दारातून आत गेलीस तर मी तुझ्या लग्नाला येणार नाही.”

“त्याच दारातून तू ब्यूलासाठी आत गेलीस. तिसऱ्या बाकावर बसलीस. पायाने ताल धरलास! आणि आता म्हणतेस खेद नाही. मग मी कशासाठी थांबले? सांग ना. मी काय केलं होतं जे ब्यूलाने केलं नाही?”

“तू ऐकलंस,” आई म्हणाली. “ब्यूलाने ऐकलं नाही. तिलाही मी तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, नको येऊस, तुझ्यासाठी जागा ठेवते.”

एवढं सोपं होतं. एका वाक्याचं काम होतं आणि तिला ते सुचलं नव्हतं, कारण तिने आईचा शब्द खरा मानला होता.

आई हळू आवाजात बोलायला लागली, पण टेबलापर्यंत ऐकू जात होतं. लग्नाच्या सकाळी ती जाणार नव्हतीच. टेसी तेव्हा गाईंची धार काढून आली, दुधाची बादली ठेवली आणि पुढे बांधलेल्या फडक्याने तोंड पुसलं. आईने तिला बघितलं आणि टोपडं घातलं. एवढंच. एक मुलगी आपण घरात बसवून ठेवली, दुसरीच्या वेळेलाही तसंच वागायचं तर आपण आई कसली, असं तिला वाटलं.

“तर मला ब्यूलाकडे गेल्याचा खेद नाही,” आई म्हणाली. “तुला तसं बोलले त्याचा आहे.”

अकरा वर्षं तिला हेच ऐकायचं होतं हे तिला तेव्हा कळलं, आणि ऐकल्यावर सुख व्हायचं सोडून अंगाची आग झाली.

“कधीपासून?”

“ॲसा गेला त्या हिवाळ्यापासून.”

“आणि अकरा वर्षं एका शब्दाने बोलली नाहीस?”

आई गोंधळून तिच्याकडे बघत होती. “तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी खोटं नसते बोलले.”

टेसी त्या अंगणात उभी राहून हसायला लागली आणि ते हसणं रडण्यावर गेलं. काय म्हणायचं या बाईला! एकाच छपराखाली, एकाच टेबलाशी अकरा वर्षं, रोज मीठ दे, भाकरी दे, आणि ही पोटात खेद घेऊन बसली होती, कोणीतरी विचारायची वाट बघत. रूथाना उठून आली. तिने आईच्या हातातून घोटणा काढून घेतला, आणि आईने तो दिला.

आत्या घसा साफ करून म्हणाली की हे सगळं दुःखाचं आहे खरं, पण समितीचा विषय हा नाही. आई चालत टेबलाशी आली आणि टेसीच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसली.

“तुला खेदाचा कागद हवा होता ना, हेप्झिबा? मला ज्याचा खेद आहे तो हा. दुसरा माझ्याकडे नाही. टेसी, लिही.”

“वरातीमागून घोडं,” टेसी म्हणाली. “आणि ते सगळ्या डीप रनसमोर वाचायचं? माझं नाव घेऊन? म्हणजे ज्यांना आठवत नव्हतं त्यांनाही आठवेल.”

“तू नको म्हणालीस तर नाही लिहायचा,” आई म्हणाली. “मग कागदच नाही. माझं नाव जाईल. गेलं तर गेलं. हे तुझं आहे, तू सांगशील तसं.”

एमर म्हणाला, टेसी, विचार कर. आत्या म्हणाली, लिहिलास तरी सभा हा स्वीकारणार नाही. दोघांचंही बरोबर होतं. टेसी बसली. डोळे पुसले, टाक शाईत बुडवला आणि आई सांगत गेली तसं लिहीत गेली.

*मी, आक्सा पेनॉक, माझी मुलगी ब्यूला हिच्या लग्नास गेले. अकरा वर्षांपूर्वी माझी मुलगी टेसी हिला मी सांगितलं की मी तिच्या लग्नास येणार नाही, आणि माझ्या शब्दाखातर तिने लग्न केलं नाही. मला याचा खेद आहे. पहिल्या गोष्टीचा नाही.*

आईने खाली सही केली. तिचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं. आत्याने हात पुढे केला. टेसीने कागद दिला नाही. तिने पुन्हा टाक बुडवला आणि आईच्या सहीखाली आणखी दोन ओळी लिहिल्या.

*मी, टेसी पेनॉक, ते ऐकलं. मलाही त्याचा खेद आहे.*

आत्याने खांद्यावरून वाचलं आणि तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. आईचं ऐकल्याबद्दल माफीनामा? असा गुन्हा नियमांत कुठेही नाही. असलं काही चिटणिसाने लिहिलं तर वही तिच्याकडून काढून घेतील, आणि पुढे तिचंही नाव निघेल. एमरनेही तेच सांगितलं, फक्त जरा जोरात.

“नियमांत नाही, मला माहीत आहे,” टेसी म्हणाली. “सात वर्षं लिहितेय मी ते. खरं आहे की नाही एवढंच सांग, आत्या.”

हेप्झिबा पेनॉकने त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. ती त्याच सभेतली, त्याच नियमांत वाढलेली. खोटं तिलाही बोलता येत नव्हतं.

“खरं आहे,” ती म्हणाली.

टेसीने शाई टिपली आणि कागद घडी करून तिच्या हातात दिला. आईवरचा तिचा राग गेला नव्हता. तो एका कागदाने जाण्यातला नव्हता, कदाचित कधीच जाणार नव्हता. शेजारी आई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि एकदम म्हातारी दिसत होती.

“कागद वाचला जातो तेव्हा लिहिणाऱ्याने सभेत उभं राहायचं असतं,” टेसी आत्याला म्हणाली. “सांगून ठेव त्यांना. आम्ही दोघी उभ्या राहू.”